शोपँचा खरा पाठ कोणता?

पियानो आपल्या घरांतून सहसा नसतो. पण त्यावरच्या संगीताची एक हकीकत स्मरणिकेत द्यावी असे वाटले, कारण हाताने लिहिलेले खरे की छापलेले खरे, हा तिच्यातला वाद अजून मिटलेला नाही.

फ्रेडरिक शोपँ हा पोलंडचा, जन्म १८१०. त्याची हयात बरीचशी पॅरिसमध्ये गेली. त्या काळी एका देशात छापलेले पुस्तक दुसऱ्या देशात कोणीही खुशाल छापून घ्यावे, कायदा आड येत नसे. म्हणून त्याच्या रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथे जवळपास एकाच वेळी छापून घेत. त्यासाठी जास्तीच्या प्रती लागत. कधी शोपँ स्वतः लिही, कधी त्याचा मित्र युलियान फोंताना नक्कल करून देई. नकलेत एखादे चिन्ह सुटे. मुद्रिते तपासताना शोपँ काही बदली, ते दुसऱ्या गावी पोहोचत नसे. असे एकाच रचनेचे तीन पाठ झाले. चोवीस प्रील्यूड १८३९ साली निघाले, तर अर्पणपत्रिकासुद्धा दोन: पॅरिसला प्लेयेलच्या नावे, लाइपझिगला केसलरच्या! लंडनचा वेसेल तर रचनांना आपल्याच मनाची नटवी नावे देई. शोपँला त्याचा भारी राग.

विसावा प्रील्यूड जेमतेम तेरा आवर्तनांचा. त्यातल्या तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी, आपल्या भाषेत सांगायचे तर, गांधार शुद्ध घ्यावा की कोमल? शोपँच्या हस्तलिखितात कोमलाची खूण नाही. पण शिकवताना शिष्येच्या छापील प्रतीत ती पेन्सिलीने घातलेली आढळते. मग हस्तलिखित मोठे की ती पेन्सिल? मला विचाराल तर पेन्सिल, कारण ती नंतरची, आणि शिकवताना माणूस आपले लिहिणे पुन्हा ऐकतो. जेन स्टर्लिंग या त्याच्या स्कॉटिश शिष्येने अशा खुणांच्या प्रती बांधून सात खंड जपले, हे तिचे उपकारच.

शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ रोजी वारला. न छापलेले कागद जाळून टाका, ही त्याची इच्छा. आई आणि बहीण लुडविका यांनी मात्र फोंतानाला छापण्याची परवानगी दिली. मरणाऱ्याचा शब्द मोडणे सोपे नसते. तरी त्या मायलेकींना दोष देववत नाही. १८५५ साली फोंतानाने जे छापले, त्यातच आज जगभर गाजलेला ‘फँतेझी-अँप्रॉम्प्त्यु’ आहे. यातला ‘फँतेझी’ हा शब्दही फोंतानाचाच.

पुढे १९६० साली पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांच्या हाती पॅरिसमध्ये एका उमराव स्त्रीची वही आली. तीत हीच रचना शोपँच्या स्वतःच्या अक्षरात, १८३५ सालची, आणि फोंतानाच्या छपाईहून कित्येक ठिकाणी निराळी. रुबिन्स्टाइननी ती १९६२ साली छापली. पण कानांना सवय जुन्याची. अजूनही बहुतेक जण फोंतानाचाच पाठ वाजवतात.