नम्र आणि नमवलेले

ख्रिस्ती धर्मविचारात एक सूत्र वारंवार येते : परमेश्वर आपले कार्य थोरामोठ्यांच्या हातून नव्हे, तर समाजाने दुर्लक्षिलेल्या माणसांच्या हातून घडवतो. येशूच्या जन्माची वार्ता प्रथम रानातल्या मेंढपाळांना कळते. त्याचे पहिले शिष्य मासे धरणारे असतात. पुनरुत्थानाची पहिली साक्ष मग्दालियाची मरिया ही स्त्री देते. प्रवचनांतून हे सूत्र इतके गुळगुळीत झाले आहे की, त्याला कधी धार होती याचा विसर पडावा. दलित इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते तपासून घेतले पाहिजे. दुर्लक्षित माणूस म्हणजे आपल्याकडे कोण, हे निराळे सांगावे लागत नाही. म्हणून हे सूत्र दौलताबादच्या एका तळ्याकाठी ठेवून पाहू.

दौलताबादचा किल्ला यादवांचा, तुघलकांचा, बहामनींचा, निजामाचा, असे आपण वर्गात शिकवतो. ज्यांनी डोंगर तासला आणि खंदक खोदला, त्यांची नावे आपण शिकवत नाही. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर काही सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले आणि वाटेत हा किल्ला पाहायला थांबले. महिना रमजानचा होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी दरवाजाजवळच्या तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून तळे बाटवल्याचा ओरडा झाला आणि जमाव शिव्या देत धावून आला. दोन वर्षांपूर्वी पुणे करारावर सही करणारा, गोलमेज परिषदेत बसलेला हा माणूस तेथे केवळ अस्पृश्य होता. बाबासाहेबांनी जमावाला विचारले की, हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल की नाही? त्यावर उत्तर आले नाही. पुढे किल्ला पाहू दिला तो एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. कोठेही पाण्याला शिवायचे नाही, यावर त्याने नजर ठेवायची होती.

हा प्रश्न एकाच धर्माला विचारलेला नाही. अस्पृश्यता हिंदू समाजात जन्मली, तरी या देशात जो धर्म आला त्याच्या उंबऱ्याच्या आत तीही गेली. म्हणून ख्रिस्ती धर्मालाही हाच प्रश्न विचारणे भाग आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातही पाण्याचाच प्रसंग आहे. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीवर थकून बसला आहे. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी माणूस शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आपण ही कथा वाचताना येशूच्या उदारतेवर थांबतो. पण कथा तेथे संपत नाही. ती बाई घागर तेथेच टाकून गावात जाते, लोकांना सांगते, आणि गाव तिच्या शब्दावर विश्वास ठेवते. म्हणजे ती दयेची धनी नाही, ती संदेश नेणारी आहे. शिष्य गावात जाऊन अन्न विकत घेऊन आले. गाव घेऊन आली ती ही बाई. सूत्राचा खरा अर्थ येथे आहे. देव दुर्लक्षितांवर दया करतो असे हे सूत्र सांगत नाही. इतिहासातले काम ते करतात, असे ते सांगते.

मराठवाड्याचा ख्रिस्ती इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद आणि जालना भागांत मिशनांचे काम रुजले. जालन्यात १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल ही वसाहत उभारली. तेथे आले ते बहुतांशी मांग. इतिहासात नाव राहिले शेषाद्रींचे. त्यांचे काम मोठे होते, यात वाद नाही. पण मांगवाड्यातून महारवाड्यात, एका पाव्हण्याकडून दुसऱ्या पाव्हण्याकडे ही वार्ता पायी कोणी नेली? जातीच्या पंचायतीचा बहिष्कार आणि पाटलाचा राग कोणी सोसला? गावकुसाबाहेरच्या अनाम बायाबापड्यांनी.

पंजाबात असे एक नाव सुदैवाने टिकले. १८७३ साली सियालकोट भागात कातड्यांचा किरकोळ व्यापार करणारा, पायाने अधू असलेला दित्त नावाचा चुहडा मिशनऱ्याकडे बाप्तिस्मा मागायला गेला. शिकवणूक पुरी झाली नाही म्हणून मिशनरी कचरत होता. बाप्तिस्मा झाल्यावर दित्त मिशनच्या आश्रयाला राहिला नाही. तो आपल्या गावी परतला, भाऊबंदांचा छळ सोसला आणि कातडी विकत विकत बोलत राहिला. सुमारे चाळीस वर्षांत त्या जिल्ह्यातला बहुतेक चुहडा समाज ख्रिस्ती झाला. मिशनऱ्यांची योजना वरच्या जातींसाठी होती. इतिहास घडवला तो योजनेत नसलेल्या माणसाने.

महाराष्ट्रात १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती ख्रिस्ती नव्हती. वेद जर ब्राह्मणांचे, तर आम्हाला धर्मग्रंथ नाही. मग आमचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरल्याचेही तिने लिहिले. किल्ल्यांच्या वैभवावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. ती नम्रपणे गप्प बसली असती तर तिचे नाव आपल्याला कळले नसते.

येथेच एक धोका नोंदवला पाहिजे. नम्र असणे वेगळे आणि नमवले जाणे वेगळे. नम्रता हा गुण आहे, नमवणूक हा अन्याय आहे. धर्मोपदेशक हे दोन एक करतो तेव्हा दीनपण हेच पुण्य ठरते आणि दीन करणारा सुटतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते गुरू असून, स्वतःच्या इच्छेने. गावच्या महाराने येसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, ती नकार देण्याची सोय नव्हती म्हणून. या दोन्हींना ‘सेवा’ म्हणणे ही भाषेची लबाडी आहे. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहिताना नेमके यावर बोट ठेवले. तुझे दुःख आदिपापातून आले असे शिकवले की, ते समाजरचनेतून आले हे माणसाला दिसत नाही. मिशनांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले. पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली सोयरिकीची भिंत मात्र उभी राहिली.

या टीकेला ख्रिस्ती वर्तुळातून उत्तर मिळायला वेळ लागला. १९८१ साली बंगलोर येथे अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या दृष्टीतून धर्मविचार मांडण्याची हाक दिली आणि त्यातून पुढे दलित धर्मविचार उभा राहिला. बायबलमधला देव स्वतःच सेवकाची, कष्टकऱ्याची भूमिका घेतो, तेव्हा झाडू मारणारा देवाच्या अधिक जवळचा, असा त्यांचा रोख होता. मला त्याचे मोल वाटते ते एका अटीवर : झाडू हातातून सुटण्याची वाटही त्या देवाने दाखवली पाहिजे.

ख्रिस्ती झाल्याने महारवाड्याची जागा बदलत नाही, हे महारवाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कायद्याला मात्र ते मान्य नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची मान्यता धर्माशी बांधली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून जात गेली असे कायदा म्हणतो, आणि जात गेली नाही असे गाव म्हणते. या दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला सहनशीलतेचे प्रवचन देणे हा अधर्म आहे.

जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या काढाव्यात, म्हाताऱ्या माणसांकडून वार्ता नेणाऱ्यांची नावे टिपून घ्यावीत, आणि मराठवाड्याचा हा इतिहास त्या नावांनी लिहावा. घराण्यात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेल्या आमच्या पिढीवर हे काम येऊन पडले आहे. देव दुर्लक्षितांच्या हातून काम करतो, हे ज्यांना मानायचे त्यांनी मानावे. इतिहासकाराने एवढे मानले तरी पुरे की काम त्यांनी केले, आणि ज्याने काम केले त्याचे नाव लिहिणे हे उपकार नव्हेत, तो हिशेब आहे.