लॅटिन क्रियाविशेषणांची घडण : विभक्तीकडून अव्ययाकडे

लॅटिनच्या वर्गात क्रियाविशेषणांचा नियम दोन ओळींत आटोपतो. 'लोंगुस' (लांब) या जातीच्या विशेषणाला 'ए' लावून 'लोंगे' (दूर) करावे. 'फोर्तिस' (शूर) या जातीच्या विशेषणाला 'तेर' लावून 'फोर्तितेर' (शौर्याने) करावे. त्यापुढे अपवादांची यादी सुरू होते आणि विद्यार्थी तिथेच कंटाळतो. या यादीचा उलगडा इतिहासात होतो.

'ए' हा मुळात पंचमीचा प्रत्यय होय. बाकस देवाच्या उत्सवांवर निर्बंध घालणारा रोमन सिनेटचा इ.स.पू. १८६ चा ठराव एका कांस्यपटावर कोरलेला आहे. हा पट दक्षिण इटलीतील तिरिओलो येथे १६४० मध्ये सापडला. त्यावर 'फाकिलुमेद' (अत्यंत सहजपणे) असे रूप आहे. अभिजात लॅटिनमध्ये तेच 'फाकिल्लिमे' होते. शेवटचा 'द' गळाल्यामुळे विभक्ती ओळखू येईनाशी झाली, एवढेच.

मग अपवादांचे काय? 'फाकिले' (सहज) आणि 'मुल्तुम' (पुष्कळ) ही नपुंसकलिंगी द्वितीयेची रूपे. 'अल्तिउस' (अधिक उंच) हे तरभावाचे रूपही तसेच. 'पार्तिम' (अंशतः) ही एका नामाची जुनी द्वितीया, तर 'रारो' (क्वचित) ही पंचमी. अरबी शिकविणाऱ्यांना यात नवल वाटू नये, कारण 'फौरन', 'मसलन' हीदेखील द्वितीयेचीच रूपे आहेत. मराठीतील 'सहसा' ही तर संस्कृत तृतीया!

पुढे बोलभाषेत 'ए' आणि 'तेर' मागे पडले. त्यांच्या जागी 'मेन्स' (मन) या स्त्रीलिंगी नामाची पंचमी, 'मेन्ते', आली. 'क्लारा मेन्ते' म्हणजे 'स्वच्छ मनाने'. हळूहळू 'मना'चा अर्थ पुसट झाला व प्रत्यय उरला. राइशेनाऊ येथील आठव्या शतकातील शब्दसूचीत 'सिंगुलारितेर' या शब्दाचा अर्थ 'सोलामेन्ते' (केवळ) असा दिला आहे. लोकांना जुने रूप कळेनासे झाले होते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये या जोडणीची खूण अजून दिसते. 'सावकाश व स्पष्टपणे' म्हणताना 'लेन्ता ए क्लारामेन्ते' असे म्हणतात. 'मेन्ते' एकदाच येते, पण 'लेन्ता' स्त्रीलिंगीच राहते. फ्रेंचमध्ये मात्र प्रत्यय दोन्ही शब्दांना लावावाच लागतो.