निकालानुसार अनुदान : अर्नोल्ड आणि फुले

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मॅथ्यू अर्नोल्ड माहीत असतो तो कवी आणि समीक्षक म्हणून. ‘कल्चर अँड अ‍ॅनार्की’ (1869) वर्गात शिकवले जाते. पण त्याच्या कर्त्याने 1851 ते 1886 अशी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळांच्या तपासनिसाची नोकरी केली, ही गोष्ट तळटीपेत राहते. आम्हीही ती शिकवताना बरीच वर्षे तळटीपेतच ठेवली होती. संस्कृतीविषयीची त्याची चिंता ग्रंथालयात जन्मली, असा समज त्यामुळे दृढ होतो. तिचा निदान काही भाग तरी मुलांची वाचन आणि गणिताची परीक्षा घेताना जन्मला असावा, असे आता आम्हांला वाटते.

इंग्लंडमधील लोकशिक्षणाच्या पाहणीसाठी 1858 मध्ये न्यूकॅसल आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1861 मध्ये आला आणि शिक्षणखात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी 1862 ची ‘सुधारित संहिता’ आणली. तिचा हिशेब सोपा होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग. सहा वर्षांवरील मुलाची पुरेशी हजेरी भरल्यास आणखी आठ शिलिंग. मात्र वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येकापोटी दोन शिलिंग आठ पेन्स वजा. एकूण सहा इयत्ता आखल्या होत्या. पहिलीत एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचणे आणि विसापर्यंतचे अंक ओळखणे. सहावीत वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचणे आणि व्यवहारातले हिशेब करणे. खर्च कमी किंवा काम चोख, यांपैकी एक तरी पदरात पडेल, असे आश्वासन लो यांनी पार्लमेंटला दिले होते. खर्च कमी झाला हे खरे. 1861 मध्ये सुमारे 8 लाख 13 हजार पौंड असलेले अनुदान 1865 मध्ये सुमारे 6 लाख 37 हजारांवर आले.

अर्नोल्डने मार्च 1862 च्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये या संहितेवर टीका केली. सरकारी नोकराने आपल्याच खात्याविरुद्ध लेखणी उचलणे धोक्याचे होते, म्हणून लेख निनावी होता. पुढे 1867 च्या तपासणी अहवालात त्याने अनुभवाचा दाखला दिला. वाचता, लिहिता, हिशेब करता येत नसतानाही मुलांना या तिन्ही विषयांच्या परीक्षेतून पार करणे युक्तीने शक्य झाले आहे, असे त्याचे निरीक्षण होते. नेमलेले पुस्तक वर्षभर घोकले की मूल ते घडाघडा म्हणून दाखवी. शाळेला पैसे मिळत. पण दुसरे पुस्तक हाती दिले की मूल अडे. ही पद्धत 1890 च्या दशकात मोडीत निघाली. तिने शिक्षकांच्या मनावर केलेला परिणाम मात्र टिकला. निवृत्त मुख्य तपासनीस एडमंड होम्स यांनी 1911 मध्ये एका पुस्तकात त्याची कठोर मीमांसा केली.

निकालावर पैसे देण्याचे हे तत्त्व मुंबई इलाख्यातही आले. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण ठरले होते; पुढच्या दशकात इलाख्यात त्या अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशी घालण्यात आली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी या पद्धतीचा समाचार घेतला. त्यांचा आक्षेप अर्नोल्डच्या आक्षेपाहून वेगळ्या जागी होता. अज्ञानी आणि दरिद्री लोकांमध्ये शिक्षणाची गोडी अद्याप लागलेली नाही. तेथे निकालाच्या भरवशावर कोणी शिक्षक शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोटच भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून अशा ठिकाणी सरकारने स्वतः शाळा चालवाव्यात.

अर्नोल्डला शाळेतले चैतन्य हरपल्याचे दुःख होते. फुल्यांपुढे शाळाच न निघण्याचा प्रश्न होता. पण फुले परीक्षेच्या विरोधात नव्हते. खेड्यातील ज्या शिक्षकांची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतात त्यांना पगाराशिवाय विशेष भत्ता द्यावा, असे त्याच निवेदनात आहे. शाळांची तपासणी वर्षातून एकदा न होता निदान दर तिमाहीला व्हावी, अधूनमधून पूर्वसूचना न देता व्हावी, अशीही त्यांची मागणी होती. ‘पगाराशिवाय’ हा शब्द आम्हांला कळीचा वाटतो. लो यांच्या योजनेत मुलाच्या चुकीमुळे शाळेचे पैसे कापले जात. फुल्यांच्या योजनेत पगार सुरक्षित राहून वर बक्षीस मिळे. एकीत दुबळे मूल शाळेला ओझे होते, दुसरीत त्याच्यासाठी घेतलेल्या कष्टांची कदर होते.

हा भेद जुना झालेला नाही. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने वाचन-गणिताच्या निकालांवर शाळांचे भवितव्य टांगले गेले. पुढे अटलांटा शहरात 2011 च्या सरकारी चौकशीत, तपासलेल्या 56 शाळांपैकी 44 शाळांमध्ये गैरप्रकार आढळले. मुलांची उत्तरे शिक्षकांनीच खोडून दुरुस्त केली होती. आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 मध्ये सुरू झाली. तीत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार विचारतात. ही परीक्षा मुलाच्या घरी होते आणि तिच्यावर कोणाचे वेतन अवलंबून नसते. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे कटू सत्य तिच्यातून उघड झाले. ते लपवण्यात शिक्षकाचे हित असते, तर आपल्याला ते कळले असते का, याची आम्हांला शंका आहे.