स्मार्टफोनची जाहिरात पाहून ग्राहक ब्रँड बदलतात का?

सोलापुरात नवा मोबाईल घ्यायचा म्हटले की अनेकांची पावले नवी पेठेकडे वळतात. दुकानात शिरण्याआधीच कंपन्यांचे मोठमोठे फलक दिसतात. आत काउंटरवर एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला तरुण उभा असतो आणि शेजारी हप्त्यांवर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचा प्रतिनिधी बसलेला असतो. घरून 'अमुकच कंपनीचा घ्यायचा' असे ठरवून आलेला माणूस कधीकधी भलत्याच कंपनीचा फोन घेऊन बाहेर पडतो. त्याचे मन कशाने बदलले? टीव्हीवरच्या जाहिरातीने, मित्राच्या सल्ल्याने की काउंटरवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने?

हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात पंधरा-वीस हजारांचा फोन ही मोठी खरेदी असते. तिचे हप्ते वर्षभर चालतात. त्याच फोनवर बँक, रेशन, मुलांचा अभ्यास आणि गॅसचे बुकिंगही चालते. निवड चुकली तर ती लगेच बदलता येत नाही.

जाहिरात नेमके काय करते?

जाहिरात पाहिली आणि ग्राहकाने ब्रँड बदलला, इतके सरळ गणित सहसा नसते. ब्रिटनमधील विपणन-संशोधक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडलेले मत आजही चर्चेत असते. त्यांच्या मते जाहिरातीची ताकद आपण समजतो तेवढी मोठी नसते. ती नाव कानावर टाकते, एकदा वापरून पाहायला प्रवृत्त करते आणि आधीपासूनचा ग्राहक टिकवून ठेवते. एका ब्रँडवर विश्वास असलेल्या माणसाला ओढून दुसरीकडे नेणे तिला अवघड जाते.

मोबाईलच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. ज्या कंपनीचे नाव कधी ऐकलेलेच नाही, तिचा फोन दुकानदाराने दाखवला तरी आपण बिचकतो. जाहिरातीमुळे ते नाव आपल्या मनातल्या तीन-चार नावांच्या यादीत जाऊन बसते. त्या यादीतून कोणते नाव निवडायचे, हे मात्र किंमत, घरच्यांचा अनुभव, दुरुस्ती केंद्र जवळ आहे का, अशा गोष्टींवर ठरते.

जाहिरातीचा आणखी एक परिणाम खरेदीनंतर दिसतो. अमेरिकेत १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच नवी मोटार घेतलेल्या लोकांची वाचनाची सवय तपासली होती. हे लोक आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती इतर गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त वाचत होते. मोठा खर्च केल्यावर 'आपला निर्णय बरोबरच होता ना?' अशी रुखरुख लागते आणि जाहिरात ती शमवते. नव्या फोनचा मालक मित्रांसमोर आपल्या ब्रँडची बाजू हिरिरीने मांडतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असते. अशा माणसाचा सल्ला घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

भारतीय ग्राहकाने ब्रँड किती वेळा बदलला?

गेल्या वीस-बावीस वर्षांत भारतीय बाजाराने आपला आवडता ब्रँड अनेकदा बदलला. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा टॉर्च असलेला, धुळीत टिकणारा साधा फोन घराघरात पोहोचला. नोकियाइतका भरवशाचा ब्रँड तेव्हा दुसरा नव्हता. पण टचस्क्रीन आणि अँड्रॉइडच्या काळात कंपनी मागे पडली आणि २०१४ मध्ये तिचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला.

दरम्यान मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने २००८ मध्ये एका चार्जिंगवर महिनाभर चालण्याचा दावा करणारा फोन आणला. विजेची रड असलेल्या गावांत हा दावा थेट गरजेला भिडला. पुढे या कंपनीने हॉलिवूडचा अभिनेता ह्यू जॅकमन यालाही जाहिरातीत आणले. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेने स्मार्टफोनविक्रीत मायक्रोमॅक्सला सॅमसंगच्याही पुढे दाखवले होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शाओमी भारतात आली. सुरुवातीला तिने मोठ्या जाहिराती केल्या नाहीत. फ्लिपकार्टवर ठरलेल्या वेळी थोडे फोन विक्रीला ठेवायचे आणि ते काही सेकंदांत संपायचे, हीच तिची जाहिरात ठरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि फोर-जी नसलेला फोन एकाएकी जुना वाटू लागला. भारतीय कंपन्यांकडे थ्री-जी फोनचा साठा होता, तर चिनी कंपन्यांकडे स्वस्त फोर-जी फोन तयार होते. २०१७ च्या अखेरीस शाओमी पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

विवो आणि ओप्पो यांनी उलट मार्ग धरला. विवोने २०१८ ते २०२२ या काळासाठी आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व २,१९९ कोटी रुपयांना घेतले. ओप्पोने २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरील नावासाठी १,०७९ कोटी रुपयांचा करार केला. त्याच सुमारास लहान गावांतल्या दुकानांवरही त्यांचे निळे-हिरवे फलक झळकू लागले.

म्हणजे कमी जाहिरात करणारी कंपनीही पहिली आली आणि प्रचंड जाहिरात करणाऱ्या कंपन्याही टिकल्या. मायक्रोमॅक्सची जाहिरात गाजली, तरी ग्राहक निघून गेले. सामान्य ग्राहक ब्रँडपेक्षा गरजेच्या मागे गेला: आधी टिकाऊपणा, मग बॅटरी, मग कमी किमतीत फोर-जी.

राग आला तरी खरेदी बदलते का?

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर चिनी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली. त्या वर्षी आयपीएलच्या नावातून विवो बाजूला झाली. काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकडेवारीनुसार, भारतीय स्मार्टफोन बाजारातला चिनी ब्रँडचा वाटा २०२० च्या पहिल्या तिमाहीतील ८१ टक्क्यांवरून दुसऱ्या तिमाहीत ७२ टक्क्यांवर आला. टाळेबंदीमुळे विस्कळीत झालेला पुरवठा हेही त्या घसरणीचे एक कारण होते.

पण चिनी ब्रँड बाजारातून गेले नाहीत. २०२१ मध्ये विवो आयपीएलचा प्रायोजक म्हणून परतली आणि २०२४ मध्ये भारतातील सर्वाधिक स्मार्टफोन विकणारी कंपनी ठरली. ब्रँडबद्दलचे मत आणि काउंटरवरची खरेदी यांत अंतर पडते. विशेषतः त्याच किमतीत दुसरा पर्याय हाताशी नसेल तर ते वाढते.

ब्रँड बदलणे सोपे की अवघड?

सिमकार्डाची कंपनी बदलणे २०११ पासून देशभर सोपे झाले, कारण नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येऊ लागले. फोनचा ब्रँड बदलताना मात्र नंबरापलीकडच्या अनेक गोष्टी हलवाव्या लागतात.

एका अँड्रॉइड फोनवरून दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर जाणे तुलनेने सुटसुटीत असते. संपर्क क्रमांक गुगल खात्यात असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण गुगल ड्राइव्हवर साठवता येते. भारतातील ग्राहक इतक्या सहज ब्रँड बदलू शकले, त्याचे हे एक मोठे कारण आहे. नाव बदलले तरी आतली व्यवस्था बरीचशी तीच राहते.

अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताना कष्ट वाढतात. विकत घेतलेली अ‍ॅप पुन्हा घ्यावी लागू शकतात. सोबतचे घड्याळ नव्या फोनला जोडले जाईलच असे नाही. यूपीआय अ‍ॅप कोणत्याही नव्या फोनवर सिमची पडताळणी करून पुन्हा सुरू करावे लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर बटणाची जागा बदलणे हीदेखील मोठी अडचण असते. म्हणून अनेकजण कुरकुर करत का होईना, जुन्याच ब्रँडकडे राहतात. ही निष्ठा नसते, सवय असते.

ही सवय बहुधा त्रासाने मोडते. फोन अडखळू लागतो, बॅटरी दुपारीच मान टाकते, दुरुस्ती केंद्रात खेटे घालावे लागतात किंवा सुट्या भागाची किंमत नव्या फोनच्या जवळ जाते. अशा वेळी माणूस पर्याय शोधू लागतो आणि दुसऱ्या ब्रँडची जाहिरात त्याला खऱ्या अर्थाने दिसते.

जाहिरातीसारखी न दिसणारी जाहिरात

त्रासलेला ग्राहक विश्वासाचे माणूस शोधतो, हे कंपन्यांनाही ठाऊक असते. म्हणून जाहिरातीचा पैसा त्या विश्वासाच्या जागी पोहोचतो. काउंटरवरचा टी-शर्टवाला तरुण अनेकदा दुकानाचा नोकर नसून त्या कंपनीने नेमलेला विक्री-प्रतिनिधी असतो. एखादा फोन विकल्यावर दुकानदाराला मिळणारी रक्कम कंपनीनुसार कमी-जास्त असते. यूट्यूबवर फोनचे परीक्षण करणाऱ्याला तो फोन कंपनीकडून मिळालेला असू शकतो. या सगळ्यांचा सल्ला चुकीचाच असतो असे नाही, पण तो निःपक्षपाती आहे असे गृहीत धरू नये.

'नो कॉस्ट ईएमआय' हीदेखील एक आकर्षक ओळ आहे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. अशा योजनेत व्याजाएवढी रक्कम बहुधा सवलतीतून वळती केलेली असते आणि प्रक्रिया शुल्क वेगळे लागू शकते. म्हणून रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत.

दावे उघडे पडले तेव्हा

२०१२ मध्ये नोकियाने ल्युमिया ९२० च्या जाहिरातीत थरथर न होणारे चित्रीकरण दाखवले. त्यातल्याच एका काचेत खऱ्या मोठ्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करणाऱ्या माणसाचे प्रतिबिंब दिसले आणि कंपनीला माफी मागावी लागली. पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात फोन वापरता येतो असे सुचवणाऱ्या जाहिरातींबद्दल ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. पाण्यापासून संरक्षणाच्या दाव्यांवरूनच इटलीने २०२० मध्ये अ‍ॅपलला १ कोटी युरोचा दंड केला होता.

आपल्याकडचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०१६ मधले. 'फ्रीडम २५१' या नावाने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोनची जाहिरात वृत्तपत्रांत झळकली. नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोलमडले. बहुतेकांना फोन कधीच मिळाला नाही. वर्षभराने कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात करणाऱ्या कलाकारावर एक वर्षाची आणि पुढच्या चुकीसाठी तीन वर्षांपर्यंतची बंदी घालता येते.

जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारीक अक्षरातली टीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाता कामा नये आणि ती दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, असे चालत नाही. दाखवलेल्या किमतीला वस्तू मिळण्याची वाजवी शक्यता नसताना केवळ ग्राहक ओढण्यासाठी केलेली जाहिरातही गैर ठरते.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय दिल्ली किंवा बंगळुरूला असले आणि फोन ऑनलाइन घेतलेला असला, तरी सोलापूरचा रहिवासी सोलापूरच्याच आयोगात दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बिल, वॉरंटी कार्ड आणि जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

ब्रँड बदलण्याआधी तपासण्याच्या गोष्टी

- जुन्या फोनचा नेमका त्रास: केवळ बॅटरीच खराब असेल, तर ती बदलण्याचा खर्च आधी विचारावा.
- मेगापिक्सेल: १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचे कॅमेरे नेहमीचे फोटो बहुधा त्याहून खूप कमी मेगापिक्सेलमध्येच साठवतात. अंधारात काढलेला फोटो दुकानातच पाहावा.
- पाणी: आयपी ६८ ही चाचणी गोड्या पाण्यातली आहे. पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरले जात नाही.
- साठवण क्षमता: १२८ जीबीमधला काही भाग फोनच्या स्वतःच्या यंत्रणेलाच लागतो.
- अपडेट: सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे लेखी पाहावे. काही महागड्या फोनना ती सात वर्षे मिळतात, स्वस्त फोनना बऱ्याचदा त्याहून कमी.
- चार्जर: तो खोक्यात आहे का, हे विचारून घ्यावे.
- दुरुस्ती केंद्र: आपल्या शहरात अधिकृत केंद्र आहे का आणि स्क्रीन बदलायला किती खर्च येतो, हे खरेदीआधीच विचारावे.
- जुना डेटा: संपर्क, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण नव्या फोनवर आल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नये. देताना तो पूर्ण पुसून, खात्यातून बाहेर पडून मगच द्यावा.

ही यादी घरीच कागदावर लिहून नेली, तर काउंटरवरची चर्चा आपल्या प्रश्नांपासून सुरू होते.