नकाशा होता, तरीही...

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लालभडक लाव्हा. शाळेच्या पुस्तकातला तो त्रिकोणी डोंगर, त्याच्या पोटातली उभी नळी आणि तोंडातून दोन्ही बाजूंना ओघळणारा रस. महाराष्ट्रातल्या माणसाला तर लाव्हा परका नाहीच. सह्याद्रीचा काळा पाषाण किंवा वेरुळची लेणी कोरली तो खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हाच. पण लाव्हामुळे माणसं फार कमी मरतात. तो बहुतेक वेळा सावकाश सरकतो. घर गिळतो, शेत गिळतो, पण माणसाला बाजूला व्हायला वेळ देतो. माणसं मरतात ती दुसऱ्याच गोष्टींनी. उतारावरून सुसाट येणारा तप्त राख आणि वायूंचा लोट, ओल्या राखेच्या वजनाने कोसळणारी छपरं, आणि चिखल.

हो, चिखल. शास्त्रज्ञ त्याला 'लाहार' म्हणतात, शब्द जावा बेटावरचा. डोंगरावरची राख, दगडगोटे आणि पाणी एकत्र होऊन नदीच्या पात्रातून खाली येतात ते ओल्या सिमेंटसारखे दाट होऊन. पाणी पावसाचं असेल, विवरातल्या तळ्याचं असेल किंवा शिखरावरच्या वितळलेल्या बर्फाचं. १९१९ साली जावामधल्या केलूद ज्वालामुखीच्या विवरातलं तळं असंच उसळून खाली आलं आणि सुमारे पाच हजार माणसं गेली. नंतर डच अभियंत्यांनी डोंगरात बोगदे खणून त्या तळ्याचं पाणी कमी केलं. म्हणजे लाहार काय करू शकतो हे जगाला तेव्हापासून माहीत होतं. ही गोष्ट आहे ती त्यानंतरच्या एका गावाची, आणि 'माहीत असणं' म्हणजे नेमकं काय याची.

कोलंबियात अँडीज पर्वतात नेवादो देल रुईझ नावाचा ज्वालामुखी आहे. उंची ५३०० मीटरच्या वर, डोक्यावर बारमाही बर्फ. त्याच्या पूर्वेला, नदीच्या वळणावळणाने गेलं तर सत्तरएक किलोमीटरवर, लागुनिया नदी डोंगरातून मैदानात उतरते तिथे आर्मेरो नावाचं गाव होतं. कापूस आणि भातशेतीचं सुपीक, सुखवस्तू गाव, लोकवस्ती सुमारे २९ हजार. तिथून ज्वालामुखी म्हणजे क्षितिजावरचा लांबचा डोंगर. त्याची भीती वाटायचं कारणच काय?

कारण होतं, आणि ते गावाच्या पायाखालीच होतं. १५९५ मध्ये या डोंगरावरून चिखल आला तेव्हा ६३६ माणसं मेल्याची नोंद एका स्पॅनिश बखरकाराने करून ठेवली होती. १८४५ मध्ये पुन्हा आला, सुमारे एक हजार माणसं गेली. त्या गाळाचं वर्णन होआकिन आकोस्ता या कोलंबियन अभ्यासकाने लिहून ठेवलं होतं. पुढे त्याच गाळाच्या सपाट, सकस जमिनीवर आर्मेरो वसलं. यात गावकऱ्यांचा काही मूर्खपणा होता असं मला वाटत नाही. नदीकाठची काळीभोर सपाट जमीन दिसल्यावर शेतकरी दुसरं काय करणार? एकशे चाळीस वर्षं म्हणजे पाचसहा पिढ्या. पणजोबांच्या वडिलांनी पाहिलेला पूर कोणाच्या घरात आठवणीत असतो!

१९८४ च्या अखेरीस रुईझ जागा व्हायला लागला. आधी भूकंपाचे धक्के, मग वाफेचे फवारे. ११ सप्टेंबर १९८५ ला छोटा स्फोट होऊन एक लाहार २७ किलोमीटरपर्यंत आला. मग देशाच्या भूशास्त्र संस्थेने धोक्याचा नकाशा केला आणि तो ७ ऑक्टोबरला जाहीर झाला. कुठे राख पडेल, कुठल्या नदीने चिखल उतरेल ते सगळं त्यात होतं. आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात स्पष्ट दाखवलेलं होतं. काही राजकारण्यांना आणि व्यापाऱ्यांना मात्र हे सगळं उगाच घबराट पसरवणारं वाटलं. जमिनींचे भाव, धंदा, कशाला नसती भीती? त्यात ६ नोव्हेंबरला राजधानी बोगोतामध्ये बंडखोरांनी न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली, रक्तपात झाला आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं.

१३ नोव्हेंबरला दुपारी तीनच्या सुमारास स्फोट झाला आणि संध्याकाळपर्यंत आर्मेरोवर राख पडू लागली. लोक घाबरले. पण रेडिओवरून आणि चर्चमधून सांगितलं गेलं की शांत राहा, घरातच थांबा. संध्याकाळी गाव खाली करायची भाषा सुरू झाली होती, तेवढ्यात राख पडायची थांबली आणि तोही विषय मागे पडला. बाहेर मुसळधार पाऊस, मधूनमधून वीज गेलेली. रात्री नऊ वाजून गेल्यावर शिखरावर मुख्य उद्रेक झाला. पाऊस आणि ढगांमुळे खालच्या माणसांना तो दिसलाच नाही. ज्वालामुखींच्या हिशेबात उद्रेक लहानच होता, पण तप्त राखेने शिखरावरच्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा वितळवला. ते पाणी वाटेतली माती, राख, दगड, झाडं उचलत नद्यांतून निघालं. आर्मेरोला पोचायला त्याला अडीच तासांच्या आसपास लागले.

अडीच तास! टेकड्या जवळच होत्या, चालत जाऊन माणसं वाचली असती. रात्री साडेअकराच्या सुमारास चिखल गावात शिरला. आर्मेरोतली वीस हजारांहून जास्त माणसं गेली. बाकीच्या खोऱ्यांतली धरून सुमारे २३ हजार. त्या रात्री सहलीला आलेले भूशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा आर्मेरोतल्या हॉटेलात मुक्कामाला होते. मला ही नोंद सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ज्यांचा विषयच हा, तेही झोपायलाच गेले.

ओमायरा सांचेझ या तेरा वर्षांच्या मुलीचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गळ्यापर्यंत पाण्यात, ढिगाऱ्यात पाय अडकलेली, काळ्याभोर डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघणारी. तिला बाहेर काढायला लागणारी साधनं तिथे नव्हती. जवळजवळ तीन दिवस ती तशीच होती, आणि मग गेली. फ्रँक फुर्निए या छायाचित्रकाराचा तो फोटो जगभर छापून आला, त्याला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला.

बॅरी व्हॉइट या भूशास्त्रज्ञाने पुढे १९९० मध्ये या दुर्घटनेची चिरफाड केली. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की तंत्र तोकडं पडलं नव्हतं, उद्रेक अफाट नव्हता, नशीबही वाईट नव्हतं. कमी पडली ती माणसं. अंदाज चुकले, निर्णय लांबले, आणि खोटा इशारा दिल्याचा ठपका घ्यायला कोणी तयार नव्हतं.

पण मला वाटतं यात आणखी एक गोष्ट आहे. नकाशावरचा रंगीत पट्टा बघून माणसाला काय कळतं? 'चिखल येईल' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो गुडघाभर राडा, पावसाळ्यात असतो तसा. तीसचाळीस किलोमीटर वेगाने घरं उखडत येणारी भिंत डोळ्यांसमोर येत नाही. शब्द होता, चित्र नव्हतं.

ते चित्र दिलं मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच जोडप्याने. आयुष्यभर दोघं जळत्या डोंगरांच्या जवळ जाऊन चित्रण करत होती. आर्मेरोनंतर मोरिसने ज्वालामुखीच्या धोक्यांवर सामान्य माणसांसाठी एक फिल्म करायला घेतली. लाहार म्हणजे काय, राख-वायूचा लोट म्हणजे काय, सगळं प्रत्यक्ष दाखवणारी. त्यात आर्मेरोही होतं.

एप्रिल १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो जागा झाला. सुमारे पाचशे वर्षं झोपलेला हा डोंगर, भोवतालच्या लोकांना तो ज्वालामुखी आहे हेच ठाऊक नव्हतं. तिथल्या ज्वालामुखी संस्थेचे प्रमुख रायमुंदो पुनोंगबायान आणि अमेरिकेचे ख्रिस न्यूहॉल यांच्या चमूने भूकंपमापक लावले, घाईघाईने नकाशा केला. हा अमेरिकन चमूही आर्मेरोच्या धक्क्यातूनच १९८६ मध्ये उभा राहिलेला. घबराट पसरवल्याचा आरोप इथेही झालाच. पण या वेळी हातात क्राफ्टच्या फिल्मची कच्ची प्रत होती. ती अधिकाऱ्यांना दाखवली, लष्कराला दाखवली, गावोगाव दाखवली. नकाशा बघून हुज्जत घालणारी माणसं ती बघून गप्प होत. जून उजाडल्यावर हजारो लोक हलवले गेले, १० जूनला अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ जवळपास रिकामा झाला, आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याच दिवशी चक्रीवादळही येऊन थडकलं. सुरुवातीला शेकडो माणसं गेली, बहुतेक ओल्या राखेने छपरं कोसळून. पण किमान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे.

मोरिस आणि कातियाला हे कळलंच नाही. ३ जून १९९१ ला, म्हणजे बारा दिवस आधी, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात ती दोघं सापडली. त्या दिवशी तिथे ४३ माणसं गेली.

पिनाटुबोची गोष्ट निव्वळ यशाची म्हणून सांगायची पद्धत आहे, तीही पुरती खरी नाही. डोंगरावर राहणाऱ्या आएता आदिवासींना खाली आणून छावण्यांत ठेवलं. डोंगराने वाचवलेली त्यांची कितीतरी मुलं तिथे गोवराने गेली. 'हला' म्हणणं सोपं, हलल्यावर कसं जगायचं हे सांगणारा नकाशा कोणी केला नव्हता.

मार्च २०२३ च्या अखेरीस रुईझवर पुन्हा नारिंगी इशारा लागला. सुमारे अडीच हजार कुटुंबांना हलायला सांगितलं. अनेकांनी नकार दिला. गुरं कोणी बघायची? पीक कोणी राखायचं? जूनअखेर इशारा खाली आला, मोठं काही झालं नाही. न हलणारे म्हणाले असतील, बघा, सांगत होतो! त्यांना हसायचा अधिकार आपल्याला नाही. दूध काढायची वेळ झालेली गाय समोर उभी असते, लाहार समोर नसतो. पण पुढच्या वेळी त्या शेतकऱ्याच्या दारात जाणाऱ्याने नकाशाबरोबर आर्मेरोचं चित्रही न्यावं, आणि गाय कुठे बांधायची याचं उत्तरही.