गिअरची दांडी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील मोटारींच्या हौशी लोकांत एक उद्योग बऱ्याच वर्षांपासून चालत आलेला आहे. डोंगरात, वाळूत, चिखलात चालविण्याची, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी एखादी जुनी गाडी घ्यावयाची. तिच्यातील स्वयंचलित गिअरबॉक्स खोलून बाजूला ठेवावयाचा. आणि त्या जागी क्लच व दांडी असलेला जुन्या धर्तीचा गिअरबॉक्स बसवावयाचा. जे काम यंत्र आपण होऊन करीत होते, ते पुन्हा स्वतःच्या हातापायांवर ओढून घ्यावयाचे. वरवर पाहणाऱ्यास ही उलटी गंगा वाटेल. परंतु हा केवळ लहरी माणसांचा खेळ नव्हे. याच प्रश्नावर अमेरिकेच्या सैन्याने अर्ध्या शतकाच्या आत दोनदा, आणि दोन्ही वेळा परस्परविरुद्ध, निर्णय दिला आहे. त्या निर्णयांचा इतिहास पाहिला म्हणजे या उद्योगामागील विचारही उलगडतो.

मुळात गिअर हवा कशासाठी? पेट्रोलच्या इंजिनाला बैलाचा गुण नाही. बैल अडलेल्या जागीही नेट लावून गाडी ओढतो. इंजिन मात्र फिरत असेल तरच जोर देते, आणि फिरणे फारच मंदावले तर बंद पडते. म्हणून इंजिन वेगाने फिरावे आणि चाक सावकाश, पण जोराने फिरावे, अशी दातेरी चाकांची योजना मध्ये करावी लागते. १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार-लव्हासोर यांच्या गाडीत दांडीने सरकविण्याच्या दातेरी चाकांची रचना आली, आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. तिच्यात एक अडचण होती. निरनिराळ्या वेगाने फिरणारी दोन चाके एकमेकांत अडकवावयाची, तर त्यांचे वेग जुळले पाहिजेत. ते जुळविणे हे चालकाचे कसब.

आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटातून जुन्या बसने प्रवास केलेल्यांना हे कसब परिचयाचे असेल. चढावर गाडी दमू लागली की चालक क्लच दाबी, दांडी न्यूट्रलमध्ये आणी, क्लच सोडून इंजिनाला क्षणभर वेग देई, पुन्हा क्लच दाबी आणि खालचा गिअर अलगद टाकी. याला चालकांच्या बोलीत डबल क्लच म्हणतात. क्षण चुकला की दात्यावर दाता घासून गाडीभर कर्कश आवाज होई, आणि गिअर पडलाच नाही तर घाटात गाडी मोकळी सुटे. हे कसब पुस्तकातून येत नाही; ते पायाला आणि कानाला यावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

दुसऱ्या महायुद्धात नेमका हा वेळच कोणापाशी नव्हता. जनरल मोटर्सची 'जी.एम.सी.' ही अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेली मालमोटार त्या युद्धात साडेपाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. तिचे गिअर पाच, आणि ते सर्व हाताने बदलावयाचे. १९४४ च्या २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची मालमोटारींची अखंड रांग रणभूमीकडे इंधन आणि दारूगोळा नेत होती. ऐन भरात सुमारे सहा हजार गाड्या तिच्यावर धावत. चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णी अमेरिकन तरुण होते. अपुरे शिक्षण, अपुरी झोप आणि अवजड ओझी अशा स्थितीत माणसांचा आणि यंत्रांचा सारखाच चुराडा झाला. युद्धाने एक गोष्ट दाखवून दिली : कारखाना दिवसाला शेकडो गाड्या काढू शकतो, पण कसबी चालक त्या वेगाने निघत नाही.

मग चालकाचे कसब यंत्रातच घालता येणार नाही काय? त्याचे उत्तर युद्धापूर्वीच तयार झाले होते. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने दात्यांचे वेग आपोआप जुळविणारी रचना शोधली, आणि १९२८ मध्ये ती कॅडिलॅक मोटारीत आली. त्याच थॉम्पसनच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये 'हायड्रामॅटिक' हा संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स सिद्ध झाला आणि १९३९ मध्ये ओल्ड्समोबाईल मोटारीतून बाजारात आला. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरविला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो; हायड्रामॅटिकमध्ये वाऱ्याच्या जागी तेल होते, इतकेच. क्लचचे पायपट्टे गेले, आणि चार गिअर तेलाच्या दाबाने आपण होऊन बदलू लागले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या 'एम-५' या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक बसविण्यात आले. युद्धाची परीक्षाही या यंत्राने दिली होती.

त्यामुळे १९५० च्या सुमारास सैन्याला नवी अडीच टनी मालमोटार हवी झाली, तेव्हा दोन घडणी पुढे आल्या. जी.एम.सी. ची 'एम-१३५' आणि तिचीच भावंड 'एम-२११' यांत हायड्रामॅटिक होता. 'रिओ' कंपनीच्या 'एम-३५' मध्ये क्लच आणि हाताने बदलण्याचे पाच गिअर होते. येथे दैवाचा एक विनोद पाहण्यासारखा आहे. रॅन्सम ओल्ड्स या एकाच गृहस्थाने दोन मोटार कंपन्या स्थापिल्या. पहिलीला त्याचे आडनाव मिळाले, ती ओल्ड्समोबाईल. दुसरीला त्याच्या नावाची आद्याक्षरे मिळाली, ती रिओ. स्वयंचलित गिअरबॉक्स आला तो त्याच्या आडनावाच्या मोटारीतून. आणि दांडी टिकवून धरली ती त्याच्या आद्याक्षरांच्या मालमोटारीने. शिवाय याच रिओ कंपनीने १९३३ मध्ये आपल्या प्रवासी मोटारींत अर्धस्वयंचलित गिअर आणून पाहिला होता, आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींचा धंदाच सोडून दिला होता. नवी मालमोटार आली त्या वर्षीच, १९५० च्या ऑगस्टमध्ये, ओल्ड्स निवर्तला.

कोरियाच्या युद्धाच्या निकडीत सैन्याने दोन्ही घडणी घेतल्या. त्यांची तुलना करू गेले असता जी.एम.सी. ची गाडी वाईट होती असे म्हणता येत नाही. नवशिक्याला ती लवकर येई, आणि कॅनडाच्या सैन्याने तर तीच घडण स्वीकारून दीर्घकाळ वापरली. परंतु अमेरिकेच्या सैन्याने पुढे चालविली ती रिओची घडण. दांडीच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके, दांडे आणि बेअरिंगे. ती उघडली की दोष डोळ्यांना दिसतो, आणि झाडाखालीही एखादा मिस्त्री तो दूर करू शकतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाच्या बारीक वाटा, झडपा आणि पट्टे. तेथे धुळीचा कण शत्रू, आणि दुरुस्तीला स्वच्छ कार्यशाळा व निराळे शिकलेले हात लागतात. चालकाचे शिक्षण कमी झाले, पण मिस्त्रीचे वाढले. कसब नाहीसे झाले नव्हते; त्याने केवळ जागा बदलली होती.

त्या नव्या जागेचा धोकाही लवकरच दिसला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी, कोरियात शस्त्रसंधी होऊन पुरता पंधरवडा लोटतो न लोटतो तोच, मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. काही काळ कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाईल यांना ब्यूइक मोटारीचा गिअरबॉक्स उसना घ्यावा लागला. अवघड यंत्र थोड्या ठिकाणी होते. सोपे यंत्र पुष्कळ ठिकाणी होऊ शकते. एम-३५ चे उत्पादन रिओनंतर स्टुडबेकर, कैसर-जीप, ए.एम. जनरल अशा कंपन्यांकडे फिरत राहिले. व्हिएतनामच्या १९ क्रमांकाच्या रस्त्यावर आन खे आणि मांग यांग या घाटांतून याच धर्तीच्या गाड्या खालच्या गिअरमध्ये कण्हत चढत, आणि गाड्या मंदावत तेथेच छापे पडत. सप्टेंबर १९६७ मधील मोठ्या छाप्यानंतर चालकांनीच काही गाड्यांना पोलादी पत्रे आणि मशिनगन जोडून रक्षणाच्या गाड्या बनविल्या. या माणसांना गाडी चालविणे आणि गाडी बांधणे ही दोन निराळी कामे उरली नव्हती.

पण काळ पालटला. अमेरिकेत घरोघरी स्वयंचलित मोटारी आल्या आणि क्लचला कधी पायही न लावलेली पिढी सैन्यात भरती होऊ लागली. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या 'एम-९३९' या पाच टनी मालमोटारीत ॲलिसन कंपनीचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. १९९० नंतरच्या दशकात जुन्या एम-३५ गाड्या पुन्हा बांधून 'एम-३५ ए-३' करण्यात आल्या, तेव्हा त्यांतील दांडीचा गिअरबॉक्स काढून तेथेही ॲलिसनचा स्वयंचलितच बसविला गेला. चाळीस वर्षांपूर्वीचा निर्णय असा उलटला. यंत्रे आता अधिक भरवशाची झाली होती. आणि ज्या मिस्त्रीच्या कसबाची पूर्वी वाण होती, त्याची व्यवस्था सैन्याने केली होती.

मग हौशी माणूस नेमका उलटा का जातो? त्याचे उत्तर आकड्यांत सापडते. १९६९ मध्ये निघालेल्या शेव्हरले ब्लेझर गाडीचे उदाहरण घ्यावे. तिच्या 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' चा पहिला गिअर इंजिनाचे २.५२ फेरे झाले की एक फेरा देतो. त्याच कंपनीच्या मालमोटारीचा 'एस.एम. ४६५' हा दांडीचा गिअरबॉक्स ६.५५ फेऱ्यांना एक फेरा देतो. पुढे दुय्यम पेटीचा सावकाश गिअर १.९६ चा आणि धुऱ्यातील गिअर ३.७३ चा धरला, तर स्वयंचलित गाडीत इंजिनाच्या सुमारे १८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. दांडीच्या गाडीत सुमारे ४८ फेऱ्यांना. चढताना स्वयंचलित यंत्रातील तेलाची चक्की जोर जवळजवळ दुप्पट करून हा फरक पुष्कळसा भरून काढते. उतरताना मात्र ती मदतीला येत नाही. तेथे १८ विरुद्ध ४८ एवढाच हिशेब राहतो. खडकाळ उतारावर ४८ ची गाडी ब्रेकला पाय न लावता, माणसाच्या संथ चालीने, इंजिनाने धरून ठेवलेली अशी उतरते.

हा बदल काही सोपा नाही. इंजिनामागची पत्र्याची पातळ तबकडी काढून तेथे जड फ्लायव्हील आणि क्लच बसवावा लागतो; क्रँकशाफ्टच्या टोकात नवा बुश ठोकावा लागतो; क्लचचा पायपट्टा, फरशीत दांडीसाठी भोक, गिअरबॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी, दुय्यम पेटीशी जोडणारा तुकडा, आणि लांबी जुळत नसल्यास दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, इतके सारे नव्याने जुळवावे लागते. स्टार्टर चालू होऊ देणारी वायर जुन्या गिअरबॉक्समधून जात असे. तिचाही विचार करावा लागतो. आणि एक गोष्ट विसरून चालत नाही : स्वयंचलित गाडी उभी करताना चाके अडकवून ठेवणारी 'पार्क'ची खुंटी या बदलात कायमची जाते. त्यानंतर उतारावर गाडी थांबते ती केवळ हँडब्रेकच्या आणि गिअरच्या भरवशावर. हँडब्रेक आधी नीट न करता हा बदल करणारा माणूस सोय नव्हे, संकट विकत घेतो.

सैन्याने १९५० च्या सुमारास हाच प्रश्न विचारला होता : कसब चालकाच्या पायात ठेवावे की यंत्राच्या पोटात? नवशिके चालक लाखांनी असतील आणि पाठीशी कार्यशाळा उभी असेल, तर ते यंत्रात ठेवणे शहाणपणाचे. चालक, मालक आणि मिस्त्री हे एकच असतील, आणि गाडी बंद पडली तर पाच-पंचवीस मैलांत दुसरे माणूस नसेल, तर ते आपल्याच पायात असलेले बरे. जुनी गाडी खोलून बसलेला तो हौशी मनुष्य प्रगतीशी भांडत नसतो. ज्या यंत्रावर आपला जीव अवलंबून राहणार, त्याचे आतले सारे आपल्या हाताखालून गेलेले असावे, एवढाच त्याचा आग्रह असतो.