गाळ काढणार कोण? तिरप्या प्लेट्सची गोष्ट

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आजी काय करायची, आठवतंय? हंड्यात तुरटी फिरवायची आणि म्हणायची, "आता हात लावू नका, निवळू दे." शहराचं जलशुद्धीकरण केंद्रही मुळात हेच करतं. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. फरक एवढाच, की हंडा थांबू शकतो. शहराचं पाणी वाहतंच असतं.

मग शहर वाढलं, पाणी जास्त लागायला लागलं, तर टाकी आणखी खोल करायची? माझं पहिलं उत्तर हेच होतं. पण 1904 मध्ये ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने गाळ बसण्यावर एक निबंध लिहिला आणि दाखवून दिलं, की खोली वाढवून फारसा फायदा नाही. बघा, टाकी दुप्पट खोल केली तर पाणी आत दुप्पट वेळ राहतं, खरं. पण कणालाही दुप्पट अंतर खाली यायचं असतं. म्हणजे फिट्टंफाट! खरा हिशोब आहे तळाच्या क्षेत्रफळाचा. त्यामुळे टाकीत मधे एक आडवा मजला घातला, की तेवढ्याच जागेत दुप्पट काम.

कागदावर चोख. पण त्या मजल्यांवर बसलेला गाळ काढणार कोण? मजले जितके जवळ, तितका फायदा जास्त. आणि तितकंच आत माणूस किंवा यंत्र घालणं अवघड. कल्पना बरोबर असूनही कित्येक वर्षं ती फारशी वापरात आली नाही, ती या एका प्रश्नामुळे.

दरम्यान उत्तराचा धागा मिळाला तो चक्क रक्ताच्या नळीत. 1920 मध्ये ए. ई. बॉयकॉट या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने नोंदवलं, की रक्ताची नळी उभी ठेवण्यापेक्षा तिरपी ठेवली तर रक्तपेशी खूप लवकर खाली बसतात. का? उभ्या नळीत पेशीला तळापर्यंत पडावं लागतं. तिरप्या नळीत ती थोडंसं पडते, खालच्या भिंतीला टेकते आणि तिथून घसरत जाते. वर निवळ द्रव सुटा होतो.

तिरप्या प्लेट्सचं सगळं तंत्र यात आलं. समजा प्लेट्स 60 अंशात कललेल्या आहेत आणि दोन प्लेट्समध्ये 5 सेंटिमीटर अंतर आहे. पाणी खालून वर चढतंय. कणाला सरळ खाली पडायचं अंतर किती? फक्त 10 सेंटिमीटर. साध्या टाकीत तेच 3 मीटर असू शकतं. पुढे गाळ स्वतःच्या वजनाने घसरत खाली जातो. माणूस नको, यंत्र नको.

आता 60 अंशच का? प्लेट आडवी असती तर क्षेत्रफळ पूर्ण मिळालं असतं. 60 अंशात ते निम्मंच धरलं जातं. म्हणजे निम्मा फायदा सोडून दिला, आणि बदल्यात साफसफाई फुकट मिळवली. तरीही 2 मीटर लांबीच्या अशा प्लेट्स लावल्या तर हिशोबाने एक चौरस मीटर जागेत साधारण 17 चौरस मीटर तळ मिळतो! प्रत्यक्षात थोडं राखूनच धरतात, कारण पाणी सगळीकडे सारखं विभागलं जात नाही, आणि वेग वाढला तर घसरणारा गाळ परत वर उचलला जातो.

1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हलक्या प्लास्टिकच्या तिरप्या नळ्या बाजारात आल्या आणि ही पद्धत पसरली. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. 1970 च्या दशकात अभियंते जे. एन. कर्डिले यांनी महाराष्ट्रातल्या लहान गावांसाठी स्वस्त आणि सोपी केंद्रं उभी केली. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या केंद्रात अशाच नळ्या होत्या, आणि गाळणीत वाळूवर चक्क नारळाच्या करवंटीचे तुकडे! पैसा कमी, कुशल माणसं कमी. अशा ठिकाणी आपोआप घसरणारा गाळ म्हणजे केवढी सोय.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही नवीन कल्पनेवर टाळ्या पडतात; रोजची निगा कोण राखणार, हे कुणी विचारत नाही. हेझनचं गणित 1904 मध्येच बरोबर होतं. पण गाळाचा प्रश्न सुटल्यावरच ते लोकांच्या हंड्यापर्यंत पोचलं.